चारचौघांतला लंगोट: एका नव्या शिष्टाचाराची पार्श्वभूमी

रेल्वेच्या डब्यात, उपाहारगृहात किंवा मंगल कार्यालयात तान्ह्या बाळाचा डायपर बदलण्याची वेळ आली की जवळ बसलेल्या माणसांत दोन पक्ष पडतात. एका पक्षाला बाळाची शी ही मुळी घाणच वाटत नाही. दुसरा पक्ष नाकाला रुमाल लावून खिडकीबाहेर पाहू लागतो. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे’ या म्हणीचा इथे शब्दशः प्रत्यय येतो, कारण एकच माणूस बाळ कोणाचे आहे यावर दोन्ही पक्षांत आढळतो. या बाबतीत सर्वांना मान्य असलेली रीत आपल्याकडे नाही आणि त्याचा दोष केवळ लोकांच्या बेफिकिरीला देता येत नाही. ज्या प्रसंगासाठी रीत हवी, तो प्रसंगच दोन-तीन पिढ्यांपूर्वी क्वचित उद्भवत असे.

जुन्या घरात बाळाचे सगळे काही घरातच होत असे. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नसत, आणि त्यानंतरही तान्हे मूल बाहेर नेण्याची ठिकाणे म्हणजे आजोळ, देऊळ आणि लग्नकार्य एवढीच. आजीच्या जुन्या नऊवारीचे किंवा आजोबांच्या विरलेल्या धोतराचे तुकडे फाडून लंगोट, बाळोती आणि दुपटी शिवली जात. नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते, ही त्यामागची व्यवहारी समजूत होती. दर तासा-दोन तासांनी ओला होणारा लंगोट धुऊन वलणीवर टाकायचा आणि पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवायचा, हा क्रम दिवसभर चाले. शिवाय बाळाला काही महिन्यांतच वेळेची सवय लावली जाई. आई किंवा आजी पाय पसरून बसत, बाळाला पायांवर धरत आणि तोंडाने ‘शूऽ शूऽ’ करत. ज्या घरांत सोवळे कडक होते, तिथे सोवळ्यातल्या बाईने ओल्या बाळाला उचलायचे नाही, एवढा एक नियम होता. पण तो स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या शुचितेसाठी होता, परक्या माणसाच्या सोयीसाठी नव्हे.

प्रवासातही घरचीच पद्धत पुढे चालवली जाई. रेल्वेच्या डब्यात दोन बाकांमध्ये साडीची झोळी बांधायची, खाली मेणकापड अंथरायचे, ओले लंगोट एका वेगळ्या पिशवीत साठवून मुक्कामी नेऊन धुवायचे. लंगोट फेकायची वस्तू नव्हती, त्यामुळे तो बाकाखाली सोडून जाण्याचा प्रश्नच येत नसे. आजच्या शिष्टाचारातला निम्मा गुंता ज्या एका क्रियापदाने निर्माण केला, ते ‘फेकणे’ या गोष्टीत तेव्हा नव्हतेच.

ते क्रियापद अमेरिकेतून आले. तिथे वॉल्टर हंट याने १८४९ मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतल्यापासून लंगोट पिनेने अडकवण्याची सोय झाली होती, परंतु कापड भिजून बाळाचा बिछाना आणि मांडी ओली होणे काही थांबले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने न्हाणीघराच्या पडद्याचे कापड वापरून लंगोटावरून चढवायचे जलरोधक आवरण शिवले आणि १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या एका उंची दुकानात विक्रीला आले. त्यानंतर तिने कागदी, एकदा वापरून टाकण्याच्या लंगोटाची कल्पना मांडली, तेव्हा कारखानदारांनी तिला अशा वस्तूची गरज नसल्याचे सांगितले. लंगोट धुण्याचा अनुभव त्या कारखानदारांपैकी किती जणांना होता, हे निराळे सांगायला नको. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीतील अभियंता व्हिक्टर मिल्स याला नातवंडांचे लंगोट बदलावे लागले आणि त्याच्या पुढाकाराने तयार झालेले ‘पँपर्स’ १९६१ मध्ये बाजारात आले. १९७८ मध्ये किंबर्ली-क्लार्कचे ‘हगीज’ आले. पुढच्या दशकात स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी धरून ठेवणारे पॉलिमर डायपरात भरले जाऊ लागले, तेव्हा लाकडाच्या लगद्याचे ते जाडजूड गाठोडे पातळ झाले आणि चार-सहा डायपर पर्समध्ये घेऊन तास न् तास घराबाहेर राहणे आईला शक्य झाले. सार्वजनिक ठिकाणी लंगोट बदलण्याचा शिष्टाचार या पातळ डायपरामागोमाग आला.

भारतात १९९० च्या दशकात हिंदुस्थान लिव्हर आणि किंबर्ली-क्लार्क यांच्या संयुक्त कंपनीने पुण्याजवळ कारखाना घातला आणि हगीज हे नाव मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. मराठी कानाला त्या नावाचा जो अर्थ लागतो, तो कंपनीने खचितच योजलेला नव्हता. पण कोणत्याही कंपनीच्या डायपरला सरसकट ‘हगीज’ म्हणण्याची प्रथा आपल्याकडे इतक्या सहज पडली, त्याला त्या योगायोगाचाही हातभार लागला असावा. सुरुवातीला डायपर हा ‘बाहेर जाताना’ घालायचा दागिनाच होता. घरी सुती लंगोट आणि प्रवासाला डायपर, अशी वाटणी अनेक घरांत अजूनही आहे, आणि त्यामुळे टाकाऊ डायपर नेमका घराबाहेरच बदलावा लागतो.

बदलायचा कुठे, या प्रश्नाचे उत्तरही अमेरिकेने आधी शोधले, कारण प्रश्न तिथे आधी उभा राहिला. उपाहारगृहातील जेवणाच्या टेबलावर किंवा विमानातील ट्रेवर बाळाला आडवे करू नये, हा संकेत तिथे रूढ होता. मात्र पर्यायी जागा नसेल तर संकेत पाळायचा कसा, हे कोणी सांगत नव्हते. १९८० च्या दशकापासून भिंतीला बिजागरीने टांगलेली, खाली ओढून उघडायची प्लास्टिकची फळी तिथल्या स्वच्छतागृहांत दिसू लागली. ती बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्या बाजूला बसवली गेली आणि लंगोट बदलणे हे आईचेच काम, असे त्या फळीच्या जागेनेच ठरवून टाकले. कॅलिफोर्नियात पुरुषांच्या स्वच्छतागृहांतही ही सोय असावी अशी विधेयके २०१४ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नाकारली. त्यांनीच २०१७ मध्ये तशाच आशयाच्या विधेयकावर सही केली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१६ मध्ये, बराक ओबामा यांच्या स्वाक्षरीने संघराज्याच्या सार्वजनिक इमारतींमधील स्त्री व पुरुष अशा दोन्ही स्वच्छतागृहांत ही सोय आवश्यक करणारा कायदा झाला. तरीही २०१८ मध्ये फ्लोरिडातील एका बापाचे छायाचित्र जगभर फिरले. स्वच्छतागृहाच्या भिंतीला पाठ टेकून, हवेतल्या हवेत बसल्यासारखे गुडघे वाकवून, स्वतःच्या मांड्यांचेच टेबल करून तो बाळाचा डायपर बदलत होता.

महाराष्ट्रात वाद या टप्प्यापर्यंत यायला वेळ लागला, कारण त्याआधीची पायरीच बांधलेली नव्हती. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली, तेव्हा मागणी स्त्रियांना लघवीसाठी स्वच्छ, सुरक्षित आणि मोफत जागा मिळावी एवढीच होती. जिथे बाईलाच जागा नाही, तिथे बाळाच्या फळीचा विचार कोण करणार? २५ फेब्रुवारी २०१६ रोजी रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी अर्थसंकल्प मांडताना स्थानकांवर बाळांसाठी गरम दूध व पाणी आणि गाड्यांच्या शौचालयांत बाळाचे कपडे बदलण्यासाठी फळ्या देण्याचे जाहीर केले. लंगोट बदलण्याच्या जागेचा एवढा स्पष्ट उल्लेख संसदेतील भाषणात होणे ही दुर्मीळ गोष्ट होती.

आपल्याकडे या सोयीला नाव मिळाले ते मात्र दुसऱ्याच गरजेतून. दूध घालायला रायगडावर गेलेली हिरकणी कोजागिरीच्या संध्याकाळी दरवाजे बंद झाल्याने अडकली आणि घरी भुकेल्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेली, ही कथा मराठी मुलांना पाठ असते. एसटी स्थानकांवर स्तन्यदा मातांसाठी जे कक्ष उघडले गेले, त्यांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणण्यात औचित्य होतेच. पुढे बाळासंबंधीची प्रत्येक सोय याच नावाखाली, याच दाराआड गेली. परंतु दूध पाजणे आणि लंगोट बदलणे या दोन कामांच्या गरजा वेगळ्या आहेत. पहिल्याला आडोसा आणि बसायला खुर्ची हवी. दुसऱ्याला सपाट फळी, वाहते पाणी, साबण आणि झाकणाची कचरापेटी हवी, आडोसा नसला तरी फारसे बिघडत नाही. एका खोलीत दोन्ही कोंबले की पहिल्या कामाची शांतता जाते आणि दुसऱ्याला पाणी मिळत नाही. शिवाय आईचे नाव लावलेल्या खोलीत बापाने, आजोबाने किंवा मामाने ओले बाळ घेऊन शिरणे अशिष्ट ठरते आणि त्याला स्थानकाच्या बाकावर उघड्यावरच लंगोट सोडावा लागतो, तेही अशिष्टच ठरते.

या कक्षांची अवस्था चर्चेत आली ती थेट विधानभवनातून. देवळालीच्या आमदार सरोज आहिरे डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा कौतुक झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात त्यांनी तिथल्या हिरकणी कक्षात धूळ असल्याची आणि सोयी नसल्याची तक्रार केली. त्याआधी, २०१८ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात एका नऊ महिन्यांच्या बाळाच्या नावाने याचिका दाखल झाली होती. स्तनपानाच्या आणि बालसंगोपनाच्या खोल्यांचाच विषय पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना व न्या. प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या यासंबंधीच्या सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सांगितले. त्या निकालाचाही भर अर्थातच मातेच्या खाजगीपणावर आहे.

राहिला प्रश्न बदललेल्या डायपरचा. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा शिष्टाचार इथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. जवळच्या प्रवाशाला येणारा वास पाच मिनिटांत विरतो. डायपर ज्याच्या हाती पुढे लागतो, त्याला तो उघडावा लागतो. तान्ह्याच्या शीतूनही अतिसाराचे जंतू पसरतात, तेव्हा ‘बाळाची शी घाण नसते’ ही माया घरापुरतीच ठीक. रेल्वेत जैव-शौचालये बसू लागल्यापासून भांड्यात टाकलेला डायपर रुळांवर न पडता टाकीच्या तोंडाशी अडकतो आणि तो हाताने काढण्याची पाळी कर्मचाऱ्यावर येते.

पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून काम करत होती. तिच्यातूनच दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. उघडे डायपर आणि सॅनिटरी पॅड हातांनी वेगळे करणाऱ्या या स्त्रियांनी २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडची गाठोडी ती बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवली. सभ्य समाजाला हा प्रकार असभ्य वाटला असेल, तर तो वाटावा याचसाठी केला होता. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत डायपर घट्ट गुंडाळूनच टाकण्याचे बंधन वापरणाऱ्यावर आणि त्यासाठी पाकिटे पुरवण्याचे बंधन उत्पादकांवर आले. ‘स्वच्छ’च्या सभासद जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्याही करतात. तशी पिशवी नसेल, तर डायपर स्वतःच्याच चिकटपट्ट्यांनी आत दुमडून बंद करायचा, वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळायचा आणि वरून लाल पेनाने एक ठळक ठिपका काढायचा, म्हणजे तो कागद उघडायचा नाही हे वेचणारीला कळते.