विषमता मोजणाऱ्यांना घडवताना

आरोग्यसेवेतल्या विषमतेवर काम करू पाहणाऱ्या नव्या संशोधकांसाठी आज वेगळ्या पाठ्यवृत्त्या आणि प्रशिक्षणवर्ग आहेत. हा प्रकार अलीकडचा. विषय मात्र जुना. 1820 च्या दशकात व्हिलेर्मे या डॉक्टरने पॅरिसमधल्या वस्त्यांचे मृत्युदर ताडून पाहिले, तेव्हा नदीची जवळीक किंवा दाटी यांच्यापेक्षा गरिबीशीच त्यांचा मेळ बसला. 1848 मध्ये टायफसची साथ तपासायला प्रशियातल्या अप्पर सायलेशियात गेलेल्या रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन डॉक्टरने उपाय म्हणून शिक्षण, लोकशाही आणि सुबत्ता सुचवली. ही माणसे आपापल्या हिमतीवर शिकली. 

नजर आजाराकडून सेवेकडे वळवली ती वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी. चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त, तिथेच ते कमी मिळतात, हा त्यांनी 1971 मध्ये मांडलेला ‘व्यस्त सेवेचा नियम’. 1980 मध्ये ब्रिटनमध्ये सामाजिक वर्गांमधल्या आरोग्याच्या विषमतेवर ब्लॅक समितीचा अहवाल आला. सरकारने त्याच्या जेमतेम 260 प्रती काढल्या, त्याही सुट्टीच्या तोंडावर! अहवाल गाजायला तेवढेही पुरले.

अमेरिकेत 1985 च्या हेकलर या सरकारी अहवालाने वांशिक अल्पसंख्याकांमधले टाळता येण्याजोगे मृत्यू वर्षाला सुमारे 60,000 असल्याचे सांगितले. मग दोन गटांतला फरक दाखवणाऱ्या अभ्यासांचा पूर आला. फरक दाखवणे तसे सोपे. तो नेमका किती, कुणात आणि कशामुळे, इथे भलेभले अडखळतात.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या 1999 च्या एका अभ्यासाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. 720 डॉक्टरांना छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या. रुग्ण म्हणजे नट-नट्या, संवाद तेच. बदलत होते ते वर्ण, लिंग, वय आणि काही वैद्यकीय तपशील. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना हृदयाच्या तपासणीसाठी पाठवण्याची शक्यता 40 टक्क्यांनी कमी, अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात गोरे विरुद्ध कृष्णवर्णीय आणि पुरुष विरुद्ध स्त्रिया, दोन्हीकडे प्रमाण होते 90.6 टक्के विरुद्ध 84.7 टक्के. ‘ऑड्स रेशो’, म्हणजे पाठवलेले आणि न पाठवलेले यांच्या प्रमाणांची दोन गटांतली तुलना, 0.6 होता आणि तो सरळ शक्यतांचे गुणोत्तर म्हणून वाचला गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया आणि कृष्णवर्णीय पुरुष या तिघांचे प्रमाण सारखेच होते. सगळी तफावत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याची होती: 78.8 टक्के. वर्ण आणि लिंग वेगवेगळे मोजले की नेमकी हीच बाई दिसेनाशी होते. काही महिन्यांत त्याच नियतकालिकात या मांडणीची चिरफाड झाली.

2000 मध्ये अमेरिकेत अल्पसंख्याकांच्या आरोग्यावरील संशोधन आणि शिक्षणाचा कायदा झाला. त्याने राष्ट्रीय आरोग्य संस्थेत या विषयाचे केंद्र उभारले आणि इकडे वळणाऱ्या संशोधकांचे शिक्षणकर्ज फेडण्याची सोय केली. कर्जाचा बोजा असलेला तरुण डॉक्टर संशोधनापेक्षा प्रॅक्टिसकडे वळणारच, हे त्यामागचे साधे गणित. 2002 मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संस्थेच्या अहवालाने उत्पन्न आणि विमा सारखा असला तरी वेगवेगळ्या वंशांच्या लोकांना मिळणाऱ्या उपचारांचा दर्जा सारखा नसतो, हे पुराव्यांनिशी मांडले. 2010 मध्ये त्या केंद्राला स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला.

शिकण्याचा आवाकाही वाढत गेला. 2019 मध्ये रुग्णांची गरज ठरवणारा एक अल्गोरिदम तपासला गेला. तो आजाराऐवजी खर्च मोजत होता आणि ज्यांच्यावर कमी खर्च होतो ते कमी आजारी ठरत होते. असली चूक पकडायची तर संगणकाइतकीच दवाखान्याच्या व्यवहाराचीही जाण लागते.

संशोधकांच्या जगातली विषमता मात्र बराच काळ कुणी मोजली नव्हती. 2011 मध्ये असे दिसले, की शिक्षण, अनुभव वगैरे जमेस धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा 10 टक्केबिंदूंनी कमी होती. 2019 च्या विश्लेषणात या तफावतीचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग विषयाच्या निवडीशी जोडलेला निघाला. रेणू आणि पेशींवरच्या प्रस्तावांना मंजुरी जास्त, तर लोकसमूहांच्या आरोग्यावरच्या प्रस्तावांना कमी. आणि कृष्णवर्णीय अर्जदारांचा ओढा या दुसऱ्या विषयांकडे अधिक होता.