स्वस्त जेवणात पाणी कुठं असावं?

जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञानं १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत शोधली. हाताशी असलेल्या साधनांत सर्वांत किफायतशीर पर्याय कोणता, हे काढून देणारं ते गणित. त्याच वर्षी ते पारखून पाहण्यासाठी घेतलेला प्रश्न ताटातला होता: शरीराला लागणारी पोषकद्रव्यं पुरवणारा सर्वांत स्वस्त आहार कोणता? अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये ७७ पदार्थ घेऊन तो मांडला होता आणि गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक, वाळलेल्या घेवड्याच्या बिया अशा अवघ्या पाच जिनसांवर उत्तर आणलं होतं. नव्या पद्धतीनं तेच गणित सोडवायला नऊ कारकुनांचे मिळून १२० दिवसांचे श्रम लागले. स्टिग्लर यांचा अंदाज जवळपास बरोबर निघाला.

पुढे १९५० च्या दशकात डॉक्टरांनी डँट्झिग यांनाच वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःचा आहार संगणकाकडून ठरवून घ्यायचं ठरवलं. कमी उष्मांकांत पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटावं, ही अट होती. पण ‘पोट भरणं’ आकड्यात मोजायचं कसं? त्यांनी ठरवलं: पदार्थाचं वजन घ्यायचं आणि त्यातून पाण्याचं वजन वजा करायचं. पाणी काय, नुसतंही पिता येतं. संगणकानं व्हिनेगर सुचवलं, तेही शेकडो गॅलन, कारण तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी धरलेलंच नव्हतं. व्हिनेगर काढून टाकल्यावर रोज सूपच्या २०० वड्या सुचवल्या, त्यांच्यावर मर्यादा घातली तर जवळजवळ किलोभर कोंडा.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. तक्त्यातली चूक सुधारता येते, पण पाणी वजा करण्याचा विचारच चुकीच्या दिशेचा होता, हे नंतरच्या संशोधनातून उमगत गेलं. कमी पैशांत घरादाराचं पोट भरायचं असेल तर पाण्याइतका स्वस्त जिन्नस दुसरा नाही. फक्त ते पेल्यात असून भागत नाही, अन्नात मुरलेलं असावं लागतं.

सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ लोकांना खायला दिले. प्रत्येक पदार्थाचे उष्मांक सारखेच, २४० किलोकॅलरी. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारलं, पोट किती भरलेलं वाटतंय? पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि लोण्याच्या पापुद्र्यांच्या क्रोसाँला ४७. यामागचं मोठं कारण वजनात आहे. २४० किलोकॅलरींचा उकडलेला बटाटा पाव किलोहून जास्त भरतो, कारण त्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. तेवढ्याच उष्मांकांचं क्रोसाँ भरतं ६० ग्रॅमच्या आसपास. तोच बटाटा पातळ चकत्या करून तळला की जवळपास सगळं पाणी उडून जातं, त्या जागी तेल शिरतं आणि मूठभर वेफर्स खाऊनही हात थांबत नाही.

मग कोरडं खाऊन वर पेलाभर पाणी प्यायलं तर? पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच तपासलं. कोंबडी, भात आणि भाज्यांचा एक पदार्थ काही स्त्रियांना जेवणाआधी तीन वेगवेगळ्या दिवशी दिला: एकदा नुसता, एकदा सोबत पेलाभर पाणी, आणि एकदा तेवढंच पाणी त्यातच घालून सूप करून. जिन्नस तेच, उष्मांक तेच. सूप घेतलं त्या दिवशी पुढचं जेवण स्पष्टपणे कमी गेलं. सोबत प्यायलेल्या पाण्यानं फरक पडला नाही.

नुसतं पाणी जठरात फार वेळ थांबत नाही, झपाट्यानं पुढे सरकतं. अन्नात मिसळलेलं, पिष्टानं आणि तंतूंनी धरून ठेवलेलं पाणी मात्र अन्नाबरोबर हळूहळू बाहेर पडतं आणि तोवर जठर ताणलेलं राहतं. हा ताण व्हेगस मज्जातंतू मेंदूला कळवत असतो. जोडीला लहान आतड्यात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पोचले की तिथून सुटणारी संप्रेरकं जठर रिकामं होण्याचा वेग आणखी कमी करतात. म्हणून भाताची नुसती पेज प्यायली तर तासाभरात पुन्हा भूक लागते आणि पेजेत मसूर शिजवून घातले तर पोट बराच वेळ भरलेलं राहतं. शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात सुमारे ९ ग्रॅम प्रथिनं असतात, भातात तीनही नसतात. शिवाय धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि डाळी-कडधान्यात मेथिओनिन, त्यामुळे दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. एकाच घासात नसली तरी चालतं, दिवसभरात दोन्ही पोटात गेली म्हणजे झालं.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. वर सांगितलेलं सगळं मोठ्यांसाठी आहे. तान्ह्या-रांगत्या मुलाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे जेमतेम ३० मिलिलिटर मावतं, म्हणजे ८ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी पाव लिटरही मावत नाही. ते पातळ पेजेनं भरलं तर पोट तुडुंब होतं आणि बाळ मात्र उपाशीच राहतं. बाळाची वाटी घट्ट हवी, आणि तीत चमचाभर तेल किंवा तूप. पैसे कमी असताना आधी पातेल्यात पाणी वाढवलं जातं आणि त्याची झळ सर्वांत लहानाला बसते. म्हणून त्याचा वाटा पाणी वाढवण्याआधीच काढून ठेवावा.

आता पाणी आत शिरतं कसं ते पाहू. राजम्याचे दाणे भिजत घाला आणि तासाभरानं बघा: दाणा फुगलेला नसतो, साल मात्र सुरकुतलेली असते. सालीतून पाणी सहजी आत जात नाही. दाणा शेंगेला जिथं चिकटलेला होता त्या डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून ते शिरतं, आधी साल भिजून पसरते आणि आतला गर मागाहून फुगत तिला गाठतो. रात्रभरात वजन जवळपास दुप्पट होतं. मसुराची साल पातळ असल्यामुळे त्याला एवढं थांबावं लागत नाही.

कधी कधी भिजवूनही दाणा शिजता शिजत नाही. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधतात, आणि उष्ण-दमट जागी महिनोन्‌महिने पडलेल्या कडधान्यात ही बांधणी वाढते. पाणी जड, म्हणजे याच क्षारांचं असेल तर त्यातही भर पडते. भिजवताना लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर मीठ घातलं की सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ होते. टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर दाणा शिजल्यावरच घालावं, कारण आम्लात पेक्टिन सुटत नाही. राजम्याबाबत आणखी एक पथ्य पाळावंच लागतं. त्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, आणि अर्धे कच्चे चार-पाच दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. मंद आचेवर तासन्‌तास ठेवून ते जात नाही. निदान ५ तास भिजवून, ते पाणी ओतून देऊन, ताज्या पाण्यात आधी खळखळून उकळायचं: १० मिनिटं तरी, आणि ३० दिली तर धास्तीच नको.

एकदा हे उकळणं झालं की मोठी आच वाया जाते. उकळत्या पाण्याचं तापमान उघड्या पातेल्यात १०० अंशांच्या वर जात नाही, आच कितीही वाढवा. जास्तीचा गॅस फक्त वाफ करतो आणि वाफ फार महागात पडते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोजूल लागतात, तेवढंच पाणी आटवून टाकायला २,२५७. म्हणजे पाव लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर पूर्ण लिटरला उकळी आणायला लागली त्याहून जास्त ऊर्जा छताकडे गेली. झाकण ठेवून, बुडबुडे जेमतेम येतील एवढ्या आचेवर दाणा तितक्याच वेळात शिजतो. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या जवळपास जातं, म्हणून वेळ कितीतरी वाचतो.

एकदाच जास्त शिजवून दोन वेळा पुरवायचं असेल तर भाताकडे नीट लक्ष हवं. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं उलटी आणणारं विष पुन्हा तापवल्यानं नष्ट होत नाही. पसरट भांड्यात काढून लवकर गार करावा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर भात त्या वेळेपुरताच लावावा, दाणे मात्र एकदम भिजवून ठेवावेत. गार भात कडक होतो तो पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगल्यामुळे. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून वाफवला की मोकळा होतो.

एका ठिकाणी मात्र पाणी हटवावंच लागतं, ते म्हणजे चवीसाठी. खमंगपणा आणणाऱ्या मेलार्ड अभिक्रिया १४० अंशांच्या पुढे जोरात चालतात आणि ओलसर कांद्याचं तापमान शंभराच्या वर चढत नाही. म्हणून कांदा थेट रश्शात न टाकता आधी थोड्या तेलावर, त्यातलं पाणी उडून तो तांबूस होईपर्यंत परतावा. तळाला चिकटलेला तपकिरी थर पाण्याचा शिपका देऊन खरवडायचा आणि शिजलेल्या दाण्यांत ओतायचा. दोन कांदे चार-पाच जणांच्या पातेल्याला पुरतात.