आक्रमक परकीय प्रजाती : आंतरराष्ट्रीय सहकार्य व ज्ञानविनिमय

माणसाच्या हातून, हेतुपुरस्सर वा नकळत, मूळ क्षेत्राबाहेर पोहोचलेल्या आणि तेथील जीवसृष्टी, शेती किंवा आरोग्य यांना बाधक ठरलेल्या प्रजातींना आळा घालण्यासाठी राष्ट्रांनी परस्परांशी केलेले करार, तसेच शास्त्रज्ञ व संस्था यांच्यात होणारी माहितीची, नमुन्यांची आणि नैसर्गिक शत्रूंची देवाणघेवाण. माणसांच्या व जनावरांच्या रोगजंतूंसंबंधीचे सहकार्य स्वतंत्र संस्थांमार्फत चालत असल्याने त्याचा विचार येथे प्रसंगोपात्तच केला आहे.

उगम : या सहकार्याचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. एका मतानुसार तो १८७८ च्या बर्न करारापासून मानावा. फायलोक्झेरा हा द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणारा, माव्याला जवळचा सूक्ष्म कीटक साधारणतः १८६० च्या आगेमागे उत्तर अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला असावा. १८६८ मध्ये माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमिल प्लाँशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांना तो मरणपंथाला लागलेल्या वेलींच्या मुळांवर आढळला. हा कीटक रोगाचे कारण आहे की आधीच दुबळ्या झालेल्या वेलीवर मागाहून येऊन बसणारा पाहुणा आहे, यावर फ्रान्समध्ये काही वर्षे कडाक्याचा वाद चालला. मिझुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी अमेरिकेत पानांवर गाठी आणणारा कीटक आणि फ्रान्समध्ये मुळे पोखरणारा कीटक एकच असल्याचे दाखवून दिले. रायली १८७१ मध्ये फ्रान्सला गेले, प्लाँशाँ १८७३ मध्ये अमेरिकेला. आणि कीटकाला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचे कलम बांधण्याचा उपाय या देवाणघेवाणीतून रुजला. बर्न कराराने (१८८१ मध्ये सुधारित) वेली व रोपे यांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले, दाखल्याची अट ठेवली आणि प्रादुर्भावाची माहिती इतर सहभागी राष्ट्रांना कळवणे बंधनकारक केले.

दुसऱ्या मताचे अभ्यासक हा करार पीकसंरक्षणाचा, पर्यायाने व्यापाराचा, असल्याचे निदर्शनास आणतात. त्यांच्या मते परिसंस्थेच्या हानीचा विचार ब्रिटिश परिस्थितिविज्ञानतज्ज्ञ चार्ल्स एल्टन यांच्या जैविक आक्रमणांवरील १९५८ च्या ग्रंथापासून सुरू झाला. त्याला आंतरराष्ट्रीय रूप १९८२ मध्ये ‘स्कोप’ या वैज्ञानिक समितीने हाती घेतलेल्या जैविक आक्रमणांवरील कार्यक्रमात आले, तर कायदेशीर रूप १९९२ च्या जैवविविधता करारात. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि दाखला, तपासणी व परस्परांना सूचना ही आजही वापरात असलेली तिन्ही साधने १८७८ च्या मसुद्यात दिसत असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

करार : रोम येथे १९२९ मध्ये झालेल्या वनस्पतिसंरक्षण कराराची जागा १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पतिसंरक्षण कराराने घेतली. त्याखालील मानकांपैकी १५ व्या क्रमांकाचे, लाकडी खोकी व फळ्या यांविषयीचे मानक (२००२) विशेष परिणामकारक ठरले. त्यानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवणे हा मान्य प्रक्रियांपैकी एक आहे.

जैवविविधता कराराचे ८(एच) हे कलम परिसंस्था, अधिवास वा प्रजाती यांना धोकादायक परकीय प्रजातींचा प्रवेश रोखण्याचे आणि शिरलेल्यांचे नियंत्रण वा निर्मूलन करण्याचे बंधन घालते, मात्र ‘शक्य तेथवर व योग्य असेल तसे’ या मर्यादेसह. अमेरिकेची संयुक्त संस्थाने या कराराची सदस्य नाहीत. कलमाचा अर्थ स्पष्ट करणारी १५ मार्गदर्शक तत्त्वे २००२ च्या हेग परिषदेत संमत झाली. माहितीची देवाणघेवाण हे त्यांतील आठवे. या संमतीवर ऑस्ट्रेलियाने औपचारिक आक्षेप नोंदवला. सावधगिरीच्या तत्त्वाच्या (पुरावा अपुरा असला तरी खबरदारी घ्यावी, या तत्त्वाच्या) आडून व्यापारावर निर्बंध येतील अशी त्यामागे भीती होती, आणि आक्षेप कायम असताना अध्यक्षांना निर्णय संमत करता येतो का, हा कार्यपद्धतीचा प्रश्नही होता. तो आक्षेप मूळ निर्णयाच्या तळटीपेत आजही वाचायला मिळतो. व्यवहारात प्रतिबंध, त्वरित निर्मूलन आणि ते न जमल्यास दीर्घकालीन नियंत्रण हा तत्त्वांतील क्रम बहुतेक देशांनी उचलला आहे.

जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत घेतलेले पाणी दूरच्या बंदरात सोडले जाते तेव्हा त्यातील जीवही तेथे पोहोचतात. झेब्रा शिंपला उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत (१९८८ मध्ये आढळ) आणि निमिऑप्सिस हा कंकतधारी जीव काळ्या समुद्रात (१९८० च्या दशकाचा पूर्वार्ध) असाच गेला असे मानतात. यासंबंधीचा करार २००४ मध्ये संमत झाला. परंतु किमान ३० राष्ट्रे आणि जगातील व्यापारी जहाजांच्या टनभाराच्या ३५ टक्के वाटा अशी अट असल्याने तो ८ सप्टेंबर २०१७ रोजी अंमलात आला. काळ्या समुद्रात करार संमत होण्याच्याही आधी, १९९७ मध्ये, बेरो हा निमिऑप्सिसचा भक्षक आपसूक दाखल झाला होता, आणि त्याने जे साधले ते तोवर कोणत्याही कराराला साधलेले नव्हते.

ओळख व मूळस्थान : सहकार्याचा सर्वांत फलदायी भाग करारांत नसून प्रजातीची अचूक ओळख पटवण्यात आहे, असे उपलब्ध उदाहरणांवरून म्हणता येते. नैसर्गिक शत्रू शोधायचा तर मूळस्थान ठाऊक हवे, आणि मूळस्थान ठाऊक व्हायचे तर ओळख बिनचूक हवी. साल्व्हिनिया हे तरंगते जलनेचे अनेक वर्षे दुसऱ्याच प्रजातीच्या नावाने ओळखले जात होते. १९७२ मध्ये ते स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदले गेले. पुढे ब्राझीलमध्ये त्याचे मूळ क्षेत्र आणि त्यावर जगणारा सोंडकिडा सापडला. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियात सोडण्यात आला, आणि तेथून पापुआ न्यू गिनी, श्रीलंका, भारत असा त्याचा प्रवास झाला.

कसावा या कंदपिकावरील पिठ्या ढेकणाचे प्रकरण याहून बोलके आहे. आफ्रिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी काँगो खोऱ्यात दिसलेला हा कीटक कोट्यवधी लोकांच्या मुख्य अन्नावर उठला. कसाव्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत असल्याने शोध तेथे सुरू झाला. खंडाच्या उत्तर भागात तसाच दिसणारा ढेकूण मिळाला, त्याचे परजीवीही मिळाले. पण ते आफ्रिकेतील ढेकणावर वाढेनात. बारकाईने पाहता या दोन प्रजाती निघाल्या. आफ्रिकेतील प्रजातीत केवळ माद्या असून त्या नराविना प्रजनन करतात, तर उत्तरेकडील प्रजातीत नर असतात. १९७७ मध्ये आफ्रिकेतील प्रजातीचे, तर १९८१ मध्ये दुसरीचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी खरा ढेकूण पॅराग्वेत सापडला आणि त्याच्या अंगात अंडी घालणारी एक सूक्ष्म गांधीलमाशीही मिळाली. ब्रिटनमध्ये संगरोधात (बंदिस्त, विलग ठेवून) पारखून ती नायजेरियात आणण्यात आली आणि दशकभरात कसावा पिकवणाऱ्या वीसहून अधिक आफ्रिकी देशांत स्थिरावली. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे २००८ मध्ये तोच ढेकूण थायलंडमध्ये आढळला, तेव्हा तीच गांधीलमाशी २००९ मध्ये बेनिनमधून तेथे गेली. शोधाला पुन्हा दहा वर्षे घालवावी लागली नाहीत. आधीची मेहनत कोणी कुलपात ठेवली नव्हती म्हणून.

एका देशाचा उपाय दुसऱ्याचा अपाय ठरू शकतो, हे फड्या निवडुंगावरील कॅक्टोब्लास्टिस पतंगाने दाखवले. अर्जेंटिनातून १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियात नेलेल्या या पतंगाच्या अळ्यांनी निवडुंगाखाली गेलेली प्रचंड जमीन मोकळी केली. १९५७ मध्ये तो कॅरिबियनमधील नेव्हिस बेटावर सोडण्यात आला, १९८९ मध्ये फ्लॉरिडात आढळला आणि २००६ मध्ये मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर पोहोचला. निवडुंग हे मेक्सिकोचे पीक असून तेथे त्याच्या अनेक देशी प्रजाती आहेत. मेक्सिको व अमेरिका यांनी मिळून बेटावरील प्रादुर्भाव निपटून काढला. जैविक नियंत्रक सोडताना शेजारी देशांना विश्वासात घेणे ही केवळ सौजन्याची बाब नाही.

सामाईक जलाशय : महासरोवरांतील लॅम्प्री या रक्तशोषक माशाविरुद्ध कॅनडा व अमेरिका यांनी १९५५ मध्ये संयुक्त मत्स्य आयोग स्थापन केला. सुमारे ६,००० रसायने तपासल्यावर टीएफएम हे लॅम्प्रीच्या डिंभांना मारणारे द्रव्य निवडण्यात आले, आणि लॅम्प्रींची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. ही मोहीम अजूनही चालू आहे, कारण ती थांबली की लॅम्प्री पुन्हा वाढतात. व्हिक्टोरिया सरोवरातील जलपर्णीवर १९९० च्या दशकात भुंगे सोडण्याचे काम काठावरील तीन देशांनी केले.

माहितीसाठे : आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाचा आक्रमक प्रजाती तज्ज्ञगट १९९४ पासून कार्यरत आहे. त्याचा जागतिक माहितीसाठा सर्वांना खुला असून ‘सर्वांत घातक शंभर’ ही त्याची यादी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. बुळकांडी या गुरांच्या साथीचे २०११ मध्ये जगातून उच्चाटन झाल्यावर तिच्या विषाणूची यादीतील जागा २०१३ मध्ये उपरोक्त साल्व्हिनियाला मिळाली. १९९७ मध्ये सुरू झालेला जागतिक आक्रमक प्रजाती कार्यक्रम मात्र २०११ मध्ये बंद पडला, ही या क्षेत्राची मोठी हानी होय.

सद्यःस्थिती : आंतरशासकीय जैवविविधता व्यासपीठाच्या २०२३ च्या अहवालात ४९ देशांतील ८६ तज्ज्ञांनी ३७,००० हून अधिक स्थिरावलेल्या परकीय प्रजाती मोजल्या असून त्यांपैकी ३,५०० हून अधिक घातक ठरवल्या आहेत. २०१९ मधील खर्च व हानी वर्षाला ४२३ अब्ज डॉलरहून अधिक धरली आहे, आणि हा आकडा कमीच असण्याचा संभव आहे. नोंदलेल्या जागतिक विलोपनांपैकी ६० टक्क्यांत या प्रजातींचा, एकट्याने वा इतर कारणांसह, वाटा आहे. बेटांवरील निर्मूलनाच्या प्रयत्नांना मात्र ८८ टक्के यश आले आहे. तत्पूर्वी डिसेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्याच्या सहाव्या लक्ष्यानुसार अशा प्रजातींचा प्रवेश व स्थिरावणे यांचे प्रमाण २०३० पर्यंत किमान निम्म्यावर आणायचे आहे.

करार प्रवेशमार्गांनुसार विभागलेले असल्याने काही मार्ग सैलच राहिले. जहाजांच्या तळाला चिकटून जाणाऱ्या जीवांबाबत २०११ ची, २०२३ मध्ये सुधारलेली, ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. हौसेखातर पाळल्या जाणाऱ्या, वनस्पतींची कीड वा रोगवाहक नसलेल्या प्राण्यांचा व्यापार कोणत्याही एका कराराच्या कक्षेत नीट बसत नाही. नागोया प्रोटोकॉल (२०१० मध्ये संमत, २०१४ पासून अंमलात) जनुकीय संसाधनांवरील मूळ देशाचा हक्क मान्य करतो. हा हक्क न्याय्य आहे. परंतु जैविक नियंत्रकांची देवाणघेवाण बहुधा विनामूल्य व परस्परांच्या विश्वासावर चालत आली असून परवानगीच्या कागदपत्रांमुळे ती मंदावत असल्याची तक्रार या क्षेत्रातील संशोधक करतात. नफ्यासाठी नसलेल्या अशा देवाणघेवाणीसाठी वेगळी, सोपी पद्धत असावी अशी त्यांची मागणी आहे.