गेम कन्सोलचं चित्र लॅपटॉपवर का येत नाही?

लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असतो, कन्सोललाही असतो, आणि केबलची दोन्ही टोकं हुबेहूब सारखी. जोडली की चित्र दिसायला हवं, असं कुणालाही वाटेल. पण पडदा काळाच राहतो. केबल बदला, सेटिंग धुंडाळा, फरक पडत नाही. कारण बिघाड कुठेच नसतो.

एचडीएमआयमध्ये एक बाजू चित्र पाठवणारी आणि दुसरी ते दाखवणारी, हे आधीच ठरलेलं असतं. नेहमीच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. पाठवणारा १८व्या पिनवर ५ व्होल्ट देतो. दाखवणारा १९व्या पिनवरून 'मी जोडलेला आहे' असं कळवतो. मग पाठवणारा त्याच्याकडून ईडीआयडी नावाची छोटी नोंद वाचतो: कोणतं रिझोल्यूशन चालेल, सेकंदाला किती चित्रं झेपतील. लॅपटॉपचा पोर्ट पाठवणारा आणि कन्सोलचाही पाठवणाराच. दोघेही ५ व्होल्ट देऊन समोरच्या उत्तराची वाट पाहत राहतात आणि ते उत्तर कधीच येत नाही.

लॅपटॉपच्या आत पडदा आणि हा पोर्ट एकमेकांना जोडलेलेही नसतात. ग्राफिक्स चिपपासून एक वाट ईडीपी नावाच्या बारीक तारांमधून पडद्याकडे जाते, दुसरी बाहेरच्या पोर्टकडे. बाहेरून आत येणारी वाट हवी तर चित्र स्वीकारणारी वेगळी चिप लागते. २०११च्या सुमाराचे एलियनवेअरचे काही गेमिंग लॅपटॉप अशी सोय देत होते. ती सगळीकडे रुळली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून मधे कॅप्चर कार्ड आणावं लागतं. ते कन्सोलला 'मी टीव्ही आहे' असं सांगतं आणि आलेलं चित्र यूएसबीतून पुढे देतं. लॅपटॉपला ते वेबकॅमसारखंच वाटतं, त्यामुळे ओबीएससारख्या प्रोग्रॅममध्ये खेळ दिसू लागतो.

खरी अडचण वेळेची आहे. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं: हिशेब जवळपास ३ गिगाबिटवर जातो. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे सहापटीहूनही कमी. स्वस्त कार्ड त्यामुळे एकेक चित्र जेपीईजी फोटोसारखं दाबून पाठवतं किंवा चित्रांची संख्या घटवतं. लॅपटॉप ते उलगडतो, साठ्यात ठेवतो, मग पडद्याच्या पुढच्या फेरीची वाट पाहतो. ६० चित्रांच्या वेगात एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. वाटेत पाच चित्रं तुंबली तरी ८० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला. बुद्धिबळात ते कळणारही नाही. मारामारीच्या खेळात मात्र बटण दाबेपर्यंत ठोसा बसलेला असतो. कार्ड घ्यायचंच तर यूएसबी ३.० चं घ्यावं आणि लॅपटॉपच्याही त्याच वेगाच्या पोर्टला लावावं. उशीर कमी होतो, पूर्ण जात नाही.

सगळं नीट जोडूनही पडदा काळाच राहिला, तर एचडीसीपी हे नक्कल रोखणारं कुलूप तपासा. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये ते सेटिंगमधून बंद करता येतं, फक्त चित्रपटांची काही ॲप मग चालत नाहीत.

केबलविना रिमोट प्लेही आहे. त्यात कन्सोल स्वतःच चित्र दाबून घरच्या नेटवर्कवरून पाठवतो. निदान कन्सोल तरी राउटरला तारेने जोडावा, नाहीतर वायफायवर चित्र अडखळतं.

आणि लॅपटॉप बंद पडलेला असेल, पण पडदा शाबूत असेल, तर तो बाहेर काढून त्याच्या मॉडेल क्रमांकाला जुळणारं कंट्रोलर बोर्ड लावता येतं. या बोर्डवर स्वीकारणारी चिप असते. एचडीएमआयमधून आलेलं चित्र ते पडद्याच्या तारांना समजेल अशा रूपात देतं. मधे ना यूएसबी, ना ऑपरेटिंग सिस्टीम. कन्सोलने ५ व्होल्ट दिले की १९व्या पिनवरून उत्तर येतं आणि त्याच पडद्यावर खेळ सुरू होतो.