किस्सातेन वेगळं, रेट्रो कॅफे वेगळं

टोकियो-क्योटोला जाणारे बरेच जण यादीत 'रेट्रो कॅफे' लिहून नेतात आणि गडद लाकूड, मखमली खुर्च्या, पिवळसर दिवे दिसले की आत शिरतात. हल्ली असं रूप मुद्दाम घेऊन उघडलेली नवी कॅफे पुष्कळ आहेत. चांगलीही असतात. पण किस्सातेन, म्हणजे जपानमधलं जुन्या वळणाचं कॉफीघर, ही चीजच निराळी आहे आणि तिची ओळख फर्निचरवरून पटत नाही.

शंभर वर्षांपूर्वी तर हा फरक अगदी ठळक होता. टोकियोच्या गिंझा भागात 1911 साली पहिली 'काफे' (कॅफेचा जपानी उच्चार) निघाली, आणि पुढच्या दोन दशकांत काफे म्हणजे दारू आणि गिऱ्हाइकाशेजारी बसून त्याची सरबराई करणाऱ्या तरुणी, असंच समीकरण झालं. नुसती कॉफी देणारी दुकानं मग स्वतःला 'जुन-किस्सा', म्हणजे निव्वळ कॉफीघर, म्हणवू लागली. नंतर परवान्यातही भेद राहिला. किस्सातेनच्या परवान्यावर दारू विकता येत नसे, स्वयंपाक करता येत नसे. अर्थात, नापोलितान स्पॅगेटी (केचपमध्ये परतलेली, जपानी धाटणीची) द्यायची म्हणून कित्येक किस्सातेन उपाहारगृहाचाच परवाना घेत, आणि 2021 च्या जूनपासून तर हा वेगळा परवानाच बंद झाला. त्यामुळे आज कागदावरून फरक कळणार नाही. तो काउंटरपाशी कळतो.

किस्सातेनमध्ये काउंटरमागे 'मास्टर' असतो, बहुधा दुकानाचा मालकच. तुमची ऑर्डर आली की तो तुमच्या एका कपापुरती कॉफी करायला घेतो. कुठे सायफन (वाफेच्या दाबावर चालणारं काचेचं उपकरण) असतो, कुठे फ्लॅनेलची कापडी गाळणी. गाळणी असेल तर जरूर काउंटरला बसा. लांब चोचीच्या किटलीतून पाण्याची सुतासारखी धार तो कॉफीवर सोडतो, थांबतो, पूड फुगू देतो, पुन्हा सोडतो. गिंझातल्या 'काफे द लाम्ब्र'मध्ये 1948 पासून हेच चाललंय. तिथले संस्थापक इचिरो सेकिगुची कॉफीच्या बिया वर्षानुवर्षं मुरवून वापरत. 2018 साली वयाच्या 103 व्या वर्षी ते गेले. असा एका माणसाचा हात आणि हट्ट ज्या दुकानात दिसतो, त्याला मी किस्सातेन म्हणेन, खुर्च्या कशाही असोत. कॅफेत यंत्र असतं, पाळीचे कर्मचारी असतात आणि कॉफी कुणीही केली तरी सारखीच लागावी अशी अपेक्षा असते.

दराचंही तसंच. 1980 मध्ये दोतोर या कॅफेंच्या साखळीने टोकियोच्या हाराजुकू भागात 150 येनला कप द्यायला सुरुवात केली: प्या आणि निघा. किस्सातेनमध्ये कपाला 600 ते 1,000 येन सहज पडतात, पण त्यात बसायची जागा आणि निवांतपणा धरलेला असतो. टोकियोच्याच शिबुया भागातलं 1926 चं 'लायन' तर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठीच आहे. तिथे बोलायचंही नसतं, फोटोही काढायचे नसतात. लॅपटॉप उघडून काम करायचं असेल तर सरळ कॅफेत जा.

ही दुकानं घटत चालली आहेत याचं मला खरंच वाईट वाटतं. 1981 मध्ये देशभरात अशी 1 लाख 54 हजारांवर दुकानं होती. 2021 च्या मोजणीत ती साठ हजारांच्याही खाली आली, आणि या आकड्यात आजची कॅफेही धरलेली आहेत.

जायचं तर सकाळी जा. नागोया परिसरात सकाळच्या कॉफीबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं त्याच पैशांत मिळतं. शाकाहारी असाल तर नापोलितान टाळा, त्यात बहुधा हॅम किंवा सॉसेज असतं. बटर टोस्ट आणि हिरवागार मेलन क्रीम सोडा (वर आइस्क्रीमचा गोळा घातलेला) मागवा. रोख येन जवळ ठेवा. मुलं बरोबर असतील तर दारावरची पाटी आधी बघा: धूम्रपानाची मुभा असलेल्या दुकानात वीस वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो.