पेटीवरचा मार्का, फळावरचा कोड

हापूसच्या लाकडी पेटीवर बागायतदाराचा मार्का शाईत उमटवलेला असायचा. पेटी मुंबईला गेली की मागाहून दलालाची पट्टी यायची: विक्री इतकी, त्यातून आडत, हमाली, भाडं वजा, उरले ते तुमचे. मधे भाव कसा निघाला हे रत्नागिरीत बसून कळायला मार्ग नव्हता, कारण सौदा रुमालाखाली बोटांवर व्हायचा. क्रॉफर्ड मार्केटातला फळबाजार नव्वदच्या दशकात वाशीला गेला, त्याच्याबरोबर रुमालही तिकडेच गेला.

तरी बागायतदार दलालाला सोडत नव्हता. मोहोराच्या वेळी फवारणीला पैसे लागतात आणि ती उचल दलालच देतो. 2016 साली ई-नाम, म्हणजे शेतमालाचा केंद्र सरकारचा ऑनलाइन बाजार, आलं, त्याच वर्षी राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळाही केला. पण ॲपवर भाव दिसतो, उचल मिळत नाही. माझ्या मते आंब्याच्या डिजिटल व्यवहाराचं घोडं पहिल्यांदा अडलं ते इथेच. ‘शेतकऱ्याला मोबाईल कळत नाही’ हे निव्वळ निमित्त.

फळ कोणत्या बागेतलं याचा माग काढता येण्याची सक्ती मात्र बाहेरून आली. मे 2014 मध्ये युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंबा बंद केला. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवायचं ठरलं. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या मँगोनेट या ऑनलाइन नोंदणीवर बागेची नोंद, फवारणीची नोंद, सगळं हवं झालं. नाशिककडे द्राक्षाला अशीच नोंदणी, ग्रेपनेट, आधीच रुळली होती. पण तिथे बाग बहुधा कसणाऱ्याच्याच नावावर असते.

कोकणात सातबारा काढा. आजोबा, त्यांचे भाऊ, वारलेल्या काकांचे वारस, लग्न होऊन बोरिवलीला गेलेल्या आत्या. सामाईक क्षेत्र, वाटप नाही. 1949 च्या कायद्याने खोती, म्हणजे गावच्या खोताची सारावसुलीची वतनदारी, गेली, हिस्स्यांचा गुंता राहिला. फॉर्मवरच्या ‘शेतकऱ्याचे नाव’ या एका रकान्यात कुणाला बसवायचं?

2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे पुन्हा नोंदणी आणि पुन्हा सातबारा. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपतो म्हणून 2025 च्या हंगामात देवगडच्या फळावर कोडचं स्टिकर लागलं. गिऱ्हाईक तो मोबाईलवर तपासू शकतं. चांगलंच झालं. पण कित्येक बागा कराराने दिलेल्या असतात. फवारा कधी मारला, कोणता मारला, हे ठाऊक असतं करारदाराला, आणि त्याचं नाव सातबारावर कुठेच नसतं.