पार्श्वभूमी : जंगलाच्या मातीतला कार्बन किती खोल मोजायचा?

मेळघाट, ताडोबा, नवेगाव किंवा आलापल्लीच्या पट्ट्यात मातीतल्या कार्बनवर पीएच.डी. करायची म्हटलं, की नमुन्यांची संख्या, उपकरणं, निधी हे सगळं नंतर येतं. आधी ठरवावं लागतं खड्डा किती खोल खणायचा ते. रूढ माप वरच्या ३० सेंटिमीटरचं (सेंमी), आणि वाद आहे तो त्यावरच.

जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. मध्य प्रांतात वनखातं आलं ते सागासाठी. १८७८च्या कायद्याने जंगलं राखीव झाली आणि झाडांची मोजणी सुरू झाली. मातीची प्रतवारी मात्र महसूल बंदोबस्ताच्या, म्हणजे शेतसारा ठरवणाऱ्या, अधिकाऱ्यांनी केली. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी ही नावं त्यांनी कास्तकारांच्या तोंडून उचलली आणि शेतसाऱ्यासाठी वापरली. जंगलातल्या जमिनीवर सारा नव्हता, त्यामुळे तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावच्या जमिनीवरची जमीनदारी, संपली, गावोगावची खाजगी जंगलं सरकारकडे आली. तरी कार्य आयोजनांत, म्हणजे वनखात्याच्या जंगल-आराखड्यांत, साग, बांबू आणि तेंदूची पानंच्या पानं, अन् मातीला एखादा परिच्छेद, हा शिरस्ता सुटला नाही.

प्रयोगशाळेत १९३४ साली मांडलेली एक पद्धत अजून चालते. मातीत डायक्रोमेट (सेंद्रिय कार्बन ‘जाळणारं’ रसायन) आणि तीव्र गंधकाम्ल घालायचं, अर्धा तास थांबायचं, मग उरलेल्या डायक्रोमेटचं अनुमापन करायचं, म्हणजे थेंबाथेंबाने दुसरं द्रावण घालून ते किती उरलं हे मोजायचं. जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा झाला की आकडा लिहायचा. या पद्धतीत सगळा सेंद्रिय कार्बन जळत नाही. सरासरी ७७ टक्के सापडतो असं धरून उत्तराला सुमारे १.३ने गुणतात. वणव्यातला कोळसा तर तिला अर्धवटच दिसतो. नवी ज्वलनयंत्रं सगळं जाळतात, पण काळ्या मातीतली चुनखडीही त्यात धरली जाते. ती आधी आम्लाने काढली नाही, तर दगडातला कार्बन पाचोळ्याच्या खात्यात जमा होतो.

आता ते ३० सेंटिमीटर. हरितगृह वायूंच्या राष्ट्रीय हिशेबासाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत मातीची खोली ३० सेंमी धरली गेली. कारणं व्यवहाराची होती. नांगरटीचा परिणाम वरच्याच थरात जास्त दिसतो आणि जगभरची आकडेवारीही तेवढ्याच खोलीची होती. शेतासाठी हे एक वेळ ठीक. जंगलातही तेच माप लागू झालं आणि प्रबंधांनी ते निमूट उचललं. जगाच्या पहिल्या मीटरभर मातीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे आणि त्यातला निम्म्याच्या आसपास ३० सेंमीच्या खाली आहे. म्हणजे सोयीसाठी आखलेल्या रेषेने अर्धा विषयच बाहेर ठेवला.

विदर्भात ही रेषा आणखी अडचणीची ठरते. पूर्वेकडे गडचिरोली-गोंदियात जुन्या स्फटिकी खडकावरची तांबडी-पिवळी माती. टेकडीवर हातभर खणलं की मुरूम लागतो. तिथल्या नमुन्यातून गोट्यांचा वाटा वजा केला नाही तर कार्बन फुगतो. पश्चिमेला मेळघाटात काळ्या पाषाणाचा उतार. उतारावर माती उथळ, दरीत मात्र खोल आणि भेगाळणारी. ही माती मे महिन्यात आकसते, ऑगस्टमध्ये फुगते. नमुना काढायची नळी दोन्ही वेळा ३० सेंमीच ठोकली, तरी मे महिन्यात तिच्यात जास्त माती येते आणि कागदावर कार्बनही जास्त दिसतो. जमिनीत प्रत्यक्षात काही घडलेलं नसतं. खोलीऐवजी समान वजनाच्या मातीचा हिशेब धरावा, हा त्यावरचा उपाय जुनाच आहे. पण त्यासाठी खाली खणावंच लागतं, आणि मजुरीचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

खणायला हवं याचा पुरावा दुसरीकडून आला. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढवला. तोच पुढे मातीत कधी, किती खोल मुरला हे पाहून ताजा कार्बन मातीत किती वेगाने जातो ते कळू लागलं. आणि किरणोत्सारी कार्बनवरून वय काढलं, तर खालच्या थरातला कार्बन शेकडो, कधी हजारो वर्षांचा निघतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खोल मातीला ताजं खाद्य मिळताच तिथले जीवाणू जुना कार्बनही खाऊ लागलेले दिसले. पानझडीच्या जंगलात खालपर्यंत ताजं खाद्य नेतात ती मुळं. म्हणून वरच्या वितीत वाढ दिसली, तरी खाली घट नाही असं म्हणता येत नाही.

मातीचा श्वास, म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, मोजणं त्यामानाने स्वस्त. पाइपचं कडं जमिनीत ठोकायचं, आत तो वायू शोषून घेणाऱ्या अल्कलीची वाटी ठेवायची, झाकायचं. मृगाच्या पहिल्या सरीनंतर आकडा एकदम उसळतो आणि काही दिवसांत उतरतो. पंधरवड्याने एकदा मोजणाऱ्याची ही उसळी हुकते.

अलीकडे वादात वणवा आला आहे. मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही जाळतात. दोष सरसकट गावांवर टाकला जातो. अशा पालापाचोळ्याच्या आगीची धग मातीत फार खोल जात नाही, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. पाचोळ्याचं नुकसान खरंच आहे, पण ३० सेंमीच्या मापात खालचा साठा धरलाच जात नाही, त्यामुळे ते मोठं भासतं.

२००६च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावापासून, गावांना जंगलावर सामूहिक हक्क मिळत गेले. अशा गावात खड्डा घ्यायचा तर ग्रामसभेत विषय मांडावा लागतो, आणि साठलेल्या कार्बनपोटी मिळू शकणाऱ्या पैशाची चर्चाही तिथे येते. कायद्यातल्या गौण वनउपजात बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपानं, कंदमुळं आहेत. मातीतल्या कार्बनचा उल्लेख त्यात नाही, ना वरच्या ३० सेंमीचा, ना खालचा.